वैनगंगा-चुलबंदच्या वाहत्या पाण्यातला महसीर, गळ आणि काठावरची सोबत

चुलबंदकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

पावसाचं लाल पाणी ओसरून वैनगंगेला मिळणारी आमची चुलबंद नदी निवळली की आमच्या भागात गळ टाकून बसण्याचा हंगाम सुरू होतो. हलका धान कापणीला येतो तेव्हापासून संक्रांतीपर्यंत पाणी वाहतं असतं, गार असतं आणि तळाचे गोटे दिसतील इतकं स्वच्छही असतं. इथे गळाच्या मासेमारीवर आधी बरीच चर्चा झाली आहे, पण ती बहुतेक तलावातल्या मरळ, रोहू, कतल्याची. वाहत्या पाण्यातला महसीर (कुठे खडस म्हणतात, कुठे खडची) त्यात आलाच नाही. या माशाच्या मागे लागलं की नदी कळायला लागते, म्हणून हा धागा.

आधी मासा. महसीर रोहू-कतल्याच्याच मोठ्या कुळातला. तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, अंगावर मोठे जाड खवले, कडेच्या रेषेवर मोजले तर पंचवीसच्या आसपास. जबड्यात दात नाहीत. दात आहेत ते घशात, आणि त्यांनी तो गोगलगायी, शिंपले, खेकडे चुरडून खातो. वैनगंगेच्या खोऱ्यात तोर तोर आणि तोर खुद्री या दोन जातींच्या नोंदी आहेत. त्यातली खुद्री साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये पुण्याकडच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून शास्त्राच्या पुस्तकात नोंदवली.

आता जागा. महसीराला तीन गोष्टी जवळजवळ लागतात: खोल डोह, त्याच्या वरच्या तोंडाशी गोट्यांवरून खळखळत येणारी धार, आणि काठावर पाण्यावर झुकलेली झाडं. दिवसा तो डोहाच्या खोल भागात किंवा कपारीत असतो. सकाळी आणि ऊन कलल्यावर धारेच्या शेपटाशी येतो, कारण वरून वाहत येणारं खाणं तिथेच मंदावतं. पावसाळ्यात पाणी चढलं की मासे वर सरकतात आणि मादी गोट्या-रेवेच्या तळावर अंडी घालते, तीही एकदम सगळी न घालता टप्प्याटप्प्यानं. अंड्यांवरून सतत ताजं पाणी गेलं पाहिजे. गोट्यांवर गाळ बसला की अंडी गुदमरतात.

झाडांचं म्हणाल तर आमच्या काठावर अर्जुन, करंज, जांभूळ आणि उंबर. उंबर पिकून पाण्यात पडायला लागलं की खाली मासे जमतात. उंबराखालचं पाणी पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघत राहा. फळ पडल्याचा एक आवाज येतो आणि लगेच खालून उसळी घेतल्याचा दुसरा. हा दुसरा आवाज ओळखता आला की त्या डोहात काय आहे ते समजलं.

काठावर बसल्यावर जे दिसतं ते माशाइतकंच मोलाचं आहे. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगड सोडल्यासारखा खाली येतो. हिवाळ्यात चक्रवाकाच्या जोड्या रेतीवर उतरतात. नदी टिटवी आणि नदी सुरय ही दोन्ही पाखरं फेब्रुवारीनंतर उघड्या रेतीत, काडी-कचरा न लावता, नुसत्या खळग्यात अंडी घालतात. अंडी रेतीच्याच रंगाची. म्हणून उन्हाळ्यात रेतीच्या बेटावर चालताना पायाखाली बघा, आणि पाखरू डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागलं तर आल्या पावली परत फिरा.

विदर्भात वाहत्या पाण्यावर बसणारे आणखी कोण आहेत? तुमच्या नदीत महसीर आहे का? डोहाची नेमकी जागा मात्र कृपा करून लिहू नका. नदीचं आणि तालुक्याचं नाव पुरे.

वऱ्हाडी_वारा

भाऊ, लय दिवसांनी कामाचा धागा आला. मी पूर्णेकाठचा, अकोला जिल्हा. आमच्या खारपानपट्ट्यात नदी उन्हाळ्यात डबक्यावर येते. लहानपणी आमचा मामा गय टाकून बसे तवा बाम, शिंगाडा, कधी शिवडा भेटे. महसीर काही म्या पाह्यला नाही. एक सांगा, याले चारा काय लावता? गांडूळ चालते का? अन् तंगूस, म्हंजे गयाचा दोरा, केवढा जाड घ्याव?

चुलबंदकाठ

वारा भाऊ, गांडूळ चालतं, पण त्याला बारकी मासळी आधी कुरतडते आणि तुम्ही सारखी गरी (गळाचा आकडा) भरत बसता. मी कणकेचा घट्ट गोळा वापरतो, त्यात थोडी जवसाची किंवा तिळाची ढेप कुटून. कावेरीवर नाचणीच्या पिठाचा गोळा शिजवून लावायची पद्धत होती, तोही पाण्यात लवकर विरघळत नाही. हंगाम असेल तर सरळ पिकलं उंबर लावा. खडकाळ जागी नदीतलाच छोटा खेकडा उत्तम.

तंगूस मध्यम जाडीचा घ्या, पण रिळावर भरपूर ठेवा. महसीर चारा तोंडात घेऊन चाचपत बसत नाही, घेतो आणि धारेत पळतो. पहिल्या पळण्यात ओढाओढ केली तर तंगूस खडकावर घासून तुटतो आणि गरी माशाच्या तोंडात राहते, जे सगळ्यात वाईट. पळू द्या, रीळ सैल सोडा, दमला की आणा. शिसं शक्य तितकं हलकं, म्हणजे चारा तळावरून गोट्यांसोबत घरंगळत जाईल.

गरीची उलटी खाच पक्कडीनं दाबून सपाट करून घ्या. तंगूस ताणलेला ठेवला तर मासा सुटत नाही आणि काढताना तोंड फाटत नाही.

ट्रेंटवासी

मी मूळचा रामटेकचा, आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला. इथे ट्रेंट नदीवर बार्बेल नावाच्या माशासाठी लोक वेडे आहेत, आणि चुलबंदकाठ यांचं वर्णन वाचताना मला सारखा तोच दिसत होता. बार्बेलला तशाच चार मिशा, तोंड खालच्या बाजूला, अंग लांबट आणि सोनेरी-तपकिरी. पोट तळाला टेकवून तो धारेत उभा राहतो आणि गोटे हुंगत फिरतो. महसीर आणि हा एकाच मोठ्या कुळातले.

इथल्या काही गोष्टी सांगतो, आपल्याकडे उपयोगी पडतील. इंग्लंडमधल्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळाला बंदी असते, कारण तो या माशांच्या विणीचा काळ. १६ जूनला हंगाम उघडतो तेव्हा पहाटेपासून काठावर माणसं असतात. तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाकडे सरकारी परवाना लागतो. बार्बेल कोणी खात नाही, त्याची अंडी तर विषारीच. पकडायचा, बघायचा, सोडायचा. भांगेच्या जातीच्या झाडाचं बी उकडून पाण्यात टाकतात, त्या वासानं मासे गोळा होतात.

सोडण्याची रीत मात्र सगळ्यांनी शिकावी अशी. बार्बेल जीव तोडून झुंजतो आणि जाळीत येतो तेव्हा पार दमलेला असतो. तसाच पाण्यात टाकला तर उलटा होऊन मरतो. म्हणून त्याला पाण्यातच, तोंड धारेकडे करून, दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवायचं. कल्ले चालू होतात, शेपूट हलायला लागतं, मग तो आपणहून हातातून निघून जातो. कधी याला पाच मिनिटं लागतात, कधी त्याहून कितीतरी जास्त. हात आधी ओले करायचे, कोरड्या हाताला अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग माशाला रोग धरतो. महसीरालाही हेच लागू पडावं.

आणि हो, हीच ट्रेंट विसाव्या शतकाच्या मध्यात कारखान्यांच्या आणि शहरांच्या घाणीनं मेलेली नदी होती. सांडपाणी शुद्ध करून सोडायला लागले तसे मासे परत आले. आज बार्बेलसाठी ती देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या नद्यांपैकी एक आहे. नागपूरकडच्या कन्हान-नाग नद्यांच्या घाणीचा विषय निघाला की मला हे आठवतं.

मोहफूल

ट्रेंटवासी दादा, फार सुंदर माहिती. सेव्हर्न नदीतही हा मासा आहे ना? वाचल्यासारखं वाटतं.

ट्रेंटवासी

आहे ताई, पण तिथला मूळचा नाही. १९५६ मध्ये केनेट नदीतून नेऊन सोडला. मूळचा तो इंग्लंडच्या पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांमधला. सेव्हर्नमध्ये इतका वाढला की आता तिथे तो कायमचाच होता असं नवीन पिढीला वाटतं.

धीवरपोर

नमस्कार. मी लाखांदूर तालुक्यातला, धीवर समाजाचा. घरी आजही मासेमारीच होते, तलाव मच्छीमार सोसायटीचा आणि नदी वेगळी. धागा चांगला आहे, पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो जी.

पकडा आणि सोडा हे शौकवाल्यांसाठी ठीक. आमच्या घरात मासा हा घरखर्च आहे, पोरांची फी आहे. तेव्हा जो खातो तो नदीचा वैरी, असा सूर इथे लागू नये. माझा आजा वैनगंगेत फेकजाळं टाकायचा तेव्हा नदीत मासा होता, आणि गावोगाव जाळी टाकणारे तेव्हा आजच्यापेक्षा जास्त होते. जाळ्यानं मासा संपला नाही.

संपवलं ते तीन गोष्टींनी. एक, रेती. डोहाच्या वरचा गोटा आणि रेव ट्रॅक्टरनं भरून नेली की धार बसते, डोह गाळानं भरतो. दोन, करंट आणि ब्लिचिंग पावडर. बॅटरीचा करंट किंवा तारेवर आकडा टाकून पाण्यात सोडतात, पिल्लासकट सगळं वर येतं. त्यात माणसंही मेली आहेत. तीन, पहिल्या पुरात चढणीचे मासे ओढ्याच्या तोंडाशी अडवून पोत्यानं भरणं. पोट अंड्यांनी फुगलेली मादी दोन दिवसांच्या भाजीसाठी जाते. आमच्या घरात मृगाच्या पहिल्या पाण्यात ओढ्याचं तोंड पूर्ण बंद करत नसत, एक बाजू मोकळी ठेवत. आता फासे (मासे अडकवायचे सापळे) लावणारे बहुतेक बाहेरचे, त्यांना कोण सांगणार.

चुलबंदकाठ

धीवरपोर भाऊ, तुम्ही आलात हे फार बरं झालं. तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. माझ्या मनात खाणाऱ्यांबद्दल काही नाही, मी स्वतः रोहू आणि शिंगाडा घरी नेतो. महसीर मात्र सोडतो, कारण तो हळू वाढतो आणि आमच्या भागात तो आता विरळाच दिसतो. धरलेला मोठा मासा बहुतेक मादी असते.

ओढ्याची एक बाजू मोकळी ठेवण्याची रीत मला माहीत नव्हती. याबद्दल अजून लिहा ना. ट्रेंटवासी सांगतात त्या तीन महिन्यांच्या बंदीमागेही विचार हाच आहे, विणीला निघालेल्या माशाला वाट द्यायची.

धीवरपोर

लिहितो. साधं आहे. नाल्याला पूर आला की नदीचा मासा उलटा वर चढतो, पाणी भरलेल्या बांधीत (धानाच्या शेतात), बोडीत (लहान तळ्यात) जातो. आम्ही बांबूच्या काड्यांची आडवी चटई लावतो आणि मधे फासा. जुनी माणसं चटई काठापर्यंत नेत नसत, काठाशी हातभर जागा सोडत. शिवाय चढताना मासा कमी धरायचा, पाणी उतरताना परत येतो तेव्हा धरायचा. चढताना तो अंडी घेऊन जातो, उतरताना रिकामा असतो. म्हातारी माणसं याला नियम वगैरे म्हणत नव्हती. असंच करायचं असतं, एवढंच सांगत.

तलावांचंही तसंच. आमच्या भंडारा-गोंदियात मामा (माजी मालगुजारी) तलाव किती आहेत तुम्हाला माहीत आहे. काही गावांत धीवरांनी तलावातलं बेशरम (माजणारं परकं झुडूप) काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा देशी मासे आणि पाखरं दोन्ही वाढली. ज्याला हे बघायचं असेल त्यानं हिवाळ्यात यावं, मी दाखवतो.

सिपनाकाठ

मी धारणी तालुक्यातली. आमच्याकडे सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्या, सगळ्या तापीला जाणाऱ्या. डोंगरातल्या, खडकाळ, गोट्यांच्या, म्हणजे महसीराला हव्या तशाच. नर्मदा-तापीकडचा महसीर तो तोर तोर, मध्य प्रदेशानं त्यालाच राज्य मासा केलं आहे.

पण धागा वाचून कोणी गळ घेऊन मेळघाटात येऊ नये म्हणून आधीच लिहिते. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ पासूनचा. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात मासेमारीला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे बंदी आहे. गळ टाकला तरी गुन्हाच. नवेगाव-नागझिरा, पेंच, ताडोबा, सगळीकडे तेच.

बघायला मात्र जरूर या. मार्चनंतर सिपना तुटते आणि डोह-डोह उरतात. पुलावरून किंवा कड्यावरून पाणी इतकं नितळ दिसतं की मोठे मासे एकामागे एक उभे असलेले मोजता येतात. त्यांच्या पाठीचा हिरवट रंग आणि खवल्यांची सोनेरी कड उन्हात चमकते. दुपारी सांबर पाण्यावर येतं, संध्याकाळी मासेमार घुबड खडकावर उतरतं आणि उथळ पाण्यात चालत जाऊन पायांनी मासा पकडतं. घुबड पाण्यात चालतं हे मी स्वतः पाहीपर्यंत मला कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

नेमकी हीच वेळ विषाची. पूर्वी गेळफळ कुटून टाकायचे, त्यानं मासा गुंगतो आणि पाणी काही वेळानं निवळतं. आता शेतीची औषधं टाकतात. डोह तुटलेला असल्यानं विष वाहून जात नाही. मासे, खेकडे, बेडूक, कासवं सगळं जातं, आणि त्या पाण्यावर येणारं जनावरही. उन्हाळ्यात त्या भागात दुसरं पाणी नसतं, म्हणून एक डोह गेला की आजूबाजूच्या जंगलाचं पाणी गेलं.

रानवाटा_७

पाणमांजराबद्दल कोणी लिहीत नाही? वैनगंगा आणि पेंचवर ती आहेत. आपल्याकडची बहुतेक गुळगुळीत अंगाची जात, कुटुंबानं राहणारी. दिसली नाही तरी ओळखता येते: रेतीवर पडदा असलेल्या बोटांचे ठसे, खडकावर माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे असलेली विष्ठा, आणि तिचा तो उग्र वास. एकाच खडकावर पुन्हा पुन्हा येतात. पहाटे शिट्टीसारखा बारीक आवाज आला तर हलू नका.

मी या विषयाचा विद्यार्थी आहे. इंग्लंडमध्ये गळवाले आणि पाणमांजरं यांचं वैर आहे असं वाचलं होतं. ट्रेंटवासी दादा, खरं काय?

ट्रेंटवासी

खरं आहे, दोन्ही बाजूंनी. १९५० च्या दशकात शेतीतल्या कीटकनाशकांनी इथली पाणमांजरं जवळजवळ संपली. ती औषधं बंद झाली, नद्या सुधारल्या आणि २०११ पर्यंत इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात ती परतली. मोठा बार्बेल हे त्यांचं आवडतं खाणं. काही लहान नद्यांवर मोठे मासे खरोखर कमी झाले, तेव्हा गळवाले चिडले. पण ज्या नदीत विणीच्या जागा चांगल्या आहेत आणि पिल्लं वाढताहेत तिथे दोघंही नांदतात. ट्रेंटवर मी दोन्ही पाहतो. माझ्या मते भांडण पाणमांजराशी नाही, गोट्यांवर बसणाऱ्या गाळाशी आहे.

रानवाटा_७

धन्यवाद. आपल्याकडे तर हे भांडण व्हायलाच नको. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या मासेमारांकडे पाणमांजराची तक्रार असते ती जाळं फाडण्याची, मासे संपवण्याची नाही.

मोहफूल

मी ब्रह्मपुरीची. आमच्याकडे नदीकाठ म्हणजे वाघाचा रस्ता. म्हणून थोडं सुरक्षेचं. एकटं बसू नका. पाठीमागे दाट झुडूप असेल तिथे तर नाहीच, पाठ उघड्या रेतीकडे ठेवा. वाकून बसलेलं माणूस जनावराला माणूस वाटत नाही, म्हणून अधूनमधून उभं राहा, बोला. सूर्य बुडायच्या आत काठ सोडा. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो तेव्हा पहाटे अस्वल असतं, आणि अस्वल वाघापेक्षा जास्त अचानक येतं. गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले हत्तीही आहेत, तेव्हा कुरखेडा-देसाईगंजकडे जाणाऱ्यांनी गावात विचारूनच पुढे जावं.

आमच्या घरची पुरुषमंडळी आधी हसायची, बाई काय गळ टाकणार म्हणून. आता सकाळी मीच उठवते. हिवाळ्यात धुकं वर चढतं आणि पलीकडच्या काठावर चितळांचा कळप पाण्यावर येतो, तेवढ्यासाठीसुद्धा मी जाईन.

पवनीकर

एक वेगळा मुद्दा. आमच्या गावाजवळ गोसीखुर्द. १९८८ मध्ये भूमिपूजन झालं, पुढे पाणी अडलं. धरणाच्या वर मैलोनमैल पाणी थांबलेलं आहे. थांबलेल्या पाण्यात रोहू, कतला आणि तिलापिया वाढतो, महसीर नाही. खाली पाणी कधी सुटतं, कधी बंद. नदी सुरयची अंडी रेतीवर असताना दारं उघडली तर सगळं वाहून जातं. त्यात नागपूरची घाण नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून आमच्याकडे. जलपर्णीचे पट्टे दिसतात. अशा परिस्थितीत डोह राखा म्हणणं कितपत उपयोगाचं? सिंचन तर हवंच, माझ्याच शेताला त्याचं पाणी येतं.

चुलबंदकाठ

पवनीकर, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड. मुख्य नदीवर जे झालं ते झालं, आणि शेताला पाणी नको असं कोणी म्हणणार नाही. पण माझं लक्ष उपनद्यांवर आहे. चुलबंद, गाढवी, कठाणी, बाघ, बावनथडी, खोब्रागडी यांच्यावर मुख्य नदीइतकं मोठं संकट अजून नाही. मासा विणीला वर चढतो तो याच लहान नद्या-नाल्यांत. तिथे गोट्यांचा तळ आणि काठची झाडं राहिली तर खालच्या नदीत पुन्हा मासा यायला वाव राहतो. ट्रेंटचं उदाहरण म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. नदी घाण झाली तरी मासा कुठेतरी वर टिकून असला तर परत येतो. कुठेच नसला तर पाणी स्वच्छ करूनही येणार नाही.

पाण्याचं म्हणाल तर धरणातून सोडण्याची वेळ ठरवता येते. मार्च ते मे एकदम मोठा लोंढा न सोडता थोडं थोडं सोडलं तर पाखरांची अंडी वाचतात. हे ग्रामसभेत मांडता येण्यासारखं आहे, त्यासाठी मोठा खर्च नाही.

धीवरपोर

कोकणात महाडजवळ वाळण कोंड आहे, काळ नदीवर. तिथे देवीचा डोह म्हणून कोणी मासा धरत नाही आणि महसीर हाताजवळ येतात. मी फोटो पाहिले. आपल्याकडे एखाद्या गावानं असा एक डोह सोडला तर? पूर्ण नदी नको, एकच डोह, गावाला दिसेल असा. खालच्या नदीत मासा तिथून उतरेल. आमचं पोटही चालेल.

सिपनाकाठ

धीवरपोर दादा, हे फार पटलं. गावातून दिसणारा डोह हे महत्त्वाचं. लांबच्या डोहाची राखण कोणी करत नाही.

वऱ्हाडी_वारा

राजेहो, पूर्णेवर डोहच उरला नाही तं सोडाव काय? पण आमच्याकडे पेढी आहे, अन् वर डोंगराकडून येनारे नाले आहेत. या हिवाळ्यात पोरायले घेऊन एकदा पूर्ण काठानं चालत जातो. गय नाही नेत, वही नेतो. कुठं डोह आहे, कुठं गोटा आहे, कुठं रेती उचलली, लिहून आनतो.

चुलबंदकाठ

वारा भाऊ, वहीत याही गोष्टी लिहा: डोहाची खोली (बांबू घालून मोजता येते), होळीच्या सुमारास धार चालू आहे की तुटली, काठावर उंबर-जांभूळ-अर्जुन आहेत का, आणि रेतीवर ठसे. फोटो काढताना मोबाइलचं ठिकाण नोंदवणं बंद ठेवा, म्हणजे जागा बाहेर जात नाही.

धीवरपोर भाऊंच्या एका डोहाच्या कल्पनेवर आमच्या गावात बोललो. दोन-तीन म्हातारे लगेच तयार झाले, तरुण पोरं विचारतात की आम्हाला काय मिळणार. त्यांना सोसायटीच्या मंडळींनीच उत्तर द्यावं असं मला वाटतं, माझ्यासारख्या शौकानं बसणाऱ्यानं नाही. भाऊ, दिवाळीनंतर एखाद्या रविवारी याल का? ग्रामसभेआधी आपण दोघं डोह बघू. कुठला निवडायचा ते तुम्ही ठरवा. मोहफूल ताई, तुम्हीही या, ब्रह्मपुरीहून लांब नाही.

धीवरपोर

येतो जी. आजालाही घेऊन येतो, त्याला नाव घेतलं की कुठला डोह किती खोल होता ते सगळं आठवते. धान घरी आल्यावर कळवा.